डावीकडचं वजन

आणली तेव्हा ती गाडी नव्हतीच.
तीन पोती सुटे भाग, एक चेसिस,
आणि होटगी रोडच्या भंगारवाल्यानं वर फुकट दिलेला
साइडकारचा डबा,
ज्यात त्याच्या कोंबड्या बसायच्या.
राजम्मा म्हणाली, आता ह्यात मला बसवणार का?
मी म्हणालो, आधी कोंबड्यांची घाण निघू दे.

आमचं अंगण म्हणजे दोन माणसं आडवी होतील एवढं.
पाणी चार दिवसांआड.
त्या दिवशी इंजिन खाटेखाली,
पिंपं आणि घागरी अंगणात,
आणि मॅग्नेटो कोरडा राहावा म्हणून
ज्वारीच्या डब्यात.
एकदा भाकरीला ऑइलचा वास आला.
ती काही बोलली नाही. मीही खाल्ली.

दुपारभर ती सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची,
मी चाकाचे आरे ताणायचो.
तिचे दोन कट्टे बांधून व्हायचे
तेव्हा माझा एक आरा सरळ.

पिस्टन रुतून बसलेला.
रॉकेल आता मिळत नाही, डिझेल ओतून ठेवलं.
दस्तगीर मिस्त्री रोज संध्याकाळी यायचा,
लाकडी दांड्यानं एकच टोला द्यायचा,
कान लावायचा,
"झोपलाय बे अजून,"
चहा पिऊन जायचा.
नवव्या दिवशी केसभर हलला.
आम्ही दोघं म्हातारे
उगाच हळू आवाजात बोलायला लागलो.

तीस वर्षं मिलमध्ये जॉबर होतो.
माग कुठं अडलाय ते कानाला कळायचं.
मिल बंद पडली, माग किलोवर गेले.
तेव्हा बघायला गेलो नव्हतो.

मग साइडकारची सीट उसवली.
रेक्झिनखाली काथ्या, काथ्याखाली गोणपाट,
गोणपाटाखाली चादर.
लाल-काळी. बोटांना आधी कळलं.
मोर, ओळीनं मोर,
आणि एकालाही डोळा नाही.

रात्रपाळी होती. जॅकार्डचा एक पत्ता फाटलेला.
मला दिसला तोवर अकरा चादरी उतरल्या होत्या.
साडेचार रुपये कापले.
सेकंडचा माल म्हणून निम्म्या भावात गेल्या असतील कुठंकुठं,
आणि ह्या एकीवर कोण कोण बसून
कुठल्या कुठल्या लग्नाला, दवाखान्याला गेलं असेल,
खाली आंधळे मोर आहेत हे माहीत नसताना.

राजम्माला दाखवली. सगळं सांगितलं.
ती विडीचा दोरा दातानं तोडत म्हणाली,
"साडेचार रुपये?
तुम्ही तर म्हणाला होतात, खिसा फाटका होता."

चादर धुतली, वाळवली, परत सीटखाली घातली.
काथ्या मात्र नवा आणला.

पहिल्या दिवशी रिकामा डबा घेऊन निघालो
आणि अशोक चौकात डावीकडं वळताना
साइडकारचं चाक उठलं, हातभर.
रिक्षावाला ओरडला, मेलास की.
दस्तगीर म्हणाला, उठणारच.
डावीकडं वजन पाहिजे. वाळूचं पोतं टाक.

पोतं शोधत होतो
तर ती येऊन बसलेली,
पदर डोक्याला करकचून, मांडीवर विड्यांचं सूप.
"कारखान्यावर सोडा. रिक्षाचे वीस वाचतील.
आणि वळायच्या आधी सांगा."

वळायच्या आधी सांगत गेलो.
डावं. उजवं. परत डावं.
कारखान्यात बावन्न विड्या छाट निघाल्या.
मुनीम त्या मोडून टाकणार होता,
हिनं भांडून परत आणल्या, पदरात बांधून.
काय करणार ह्यांचं, मी विचारलं.
"राहू द्या. तुमची एक आहे की सीटखाली."

घरी आलो. गाडी थंड होताना टिकटिक वाजत होती.
खाली वाकून बघितलं,
फरशीवर ऑइलचा थेंब.
बघता बघता दुसरा.
गास्केट. म्हणजे परत सगळं उघडणं आलं.
उद्या पाण्याचा दिवस.
परवा.